अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेरची भेट

मा. संपादक,

स. न. वि. वि.

रस्ते अपघाताच्या बातमीत मृतांची संख्या मथळ्यात असते आणि जखमींचा उल्लेख शेवटच्या ओळीत उरकलेला असतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १,६८,४९१ माणसे अपघातांत दगावली आणि ४,४३,३६६ जखमी झाली. या जखमींपैकी बहुतेकांना कोणी ना कोणी भेटायला गेलेच असणार, कारण आजाऱ्याला भेटायला जाणे ही आपल्याकडची जुनी आणि चांगली रीत आहे. ती मोडावी असे मला मुळीच वाटत नाही. परंतु डोक्याला गंभीर मार लागून बेशुद्ध पडलेल्या माणसाला भेटण्याची रीत आपण अजून बसवलेलीच नाही. टायफॉइडच्या रुग्णाला भेटायला जावे तसे आपण अतिदक्षता विभागात जातो, आणि त्याचा ताप रुग्णाहून अधिक त्याच्या घरच्यांना होतो. गेले काही महिने हे जवळून पाहिल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

माझा एक तरुण मित्र आहे. वयाने तो माझ्या धाकट्या मुलापेक्षाही लहान, पण बुद्धिबळाच्या पटावर आमची मैत्री जमली आणि टिकली. गेल्या गळीत हंगामात तो पुण्याहून दोघा मित्रांबरोबर रात्री गावाकडे येत असताना पेठ नाक्याच्या अलीकडे त्यांची मोटार उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळली. दोन ट्रॉल्या जोडलेला तो ट्रॅक्टर रस्त्याच्या कडेला बंद पडलेला होता आणि मागे ना दिवा होता ना रिफ्लेक्टर. पुढे बसलेल्या दोघांनी पट्टा लावला होता, एअरबॅगा उघडल्या, त्यांना किरकोळ खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. मागच्या सीटवर झोपलेल्या माझ्या मित्राने पट्टा लावलेला नव्हता. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांचा मागच्या सीटवर पट्ट्याविना मृत्यू झाला, तेव्हा महिनाभर सगळीकडे याचीच चर्चा होती. मागच्या प्रवाशाने पट्टा लावला नाही तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ब नुसार एक हजार रुपये दंड आहे. तो वसूल होताना आमच्या भागात मी तरी पाहिलेला नाही. उसाच्या ट्रॉल्यांविषयी तर दर हंगामाला पत्रे छापून येतात, म्हणून तो विषय इथेच सोडतो.

त्याला मिरजेच्या एका खासगी रुग्णालयात आणले. १८९४ मध्ये डॉ. विल्यम वॉनलेस यांनी इथे मिशनचे रुग्णालय सुरू केल्यापासून मिरज हे दवाखान्यांचे गाव झाले आहे. अथणी, चिक्कोडी, विजयपूरपासून रुग्ण इथे येतात आणि अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकांवर मराठीइतकेच कानडी कानांवर पडते. मी गेलो तेव्हा शस्त्रक्रिया होऊन गेली होती. मेंदूला सूज आली की बंद कवटीत दाब वाढतो, म्हणून कवटीच्या हाडाचा एक मोठा तुकडा काढून ठेवतात आणि सूज उतरल्यावर काही महिन्यांनी तो, किंवा त्याच्या जागी कृत्रिम तुकडा, बसवतात. त्याच्या डोक्याच्या पट्टीवर उजव्या बाजूला निळ्या मार्करने ‘नो बोन’ असे लिहिलेले होते, म्हणजे कूस बदलताना किंवा उशी सारखी करताना कोणाचा हात त्या बाजूवर दाबला जाऊ नये. गळ्यात श्वासाची नळी, नाकात अन्नाची नळी, आणि दोन्ही मनगटे मऊ पट्टीने पलंगाच्या दांड्यांना सैल बांधलेली. हात बांधलेले पाहून त्याची आई पहिल्या दिवशी कोसळली होती. अर्धवट शुद्धीतला रुग्ण गळ्यातली नळी स्वतःच उपसून काढू शकतो, म्हणून ते बांधतात, हे तिला नंतर एका सिस्टरने समजावून सांगितले. आत जाण्यापूर्वी सांगितले असते तर बरे झाले असते, एवढेच माझे म्हणणे आहे.

आत एका वेळी एक माणूस, पाच मिनिटे, चपला बाहेर, हात निर्जंतुक करून, असा नियम होता आणि तो योग्यच आहे. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला न्यूमोनियाचा धोका मोठा असतो, आणि एकाच्या हाताला लागलेले जंतू शेजारच्या पलंगापर्यंत जायला वेळ लागत नाही. तरीही सुरक्षारक्षकाशी हुज्जत घालणारे, नगरसेवकाला फोन लावून देणारे, ‘आम्ही इतक्या लांबून आलोय’ म्हणून लहान मुलासह आत शिरू पाहणारे नातेवाईक मी रोज पाहिले. एका गृहस्थांनी पलंगाशी उभे राहून मोबाईलवर छायाचित्र काढले आणि ते संध्याकाळी भावकीच्या व्हॉट्सॲप गटावर ‘प्रार्थना करा’ अशा ओळीसह फिरले. रुग्णाच्या धाकट्या बहिणीने ते आपल्या कॉलेजातल्या मैत्रिणीच्या फोनवर पाहिले. शुद्धीत असता तर त्या मुलाने त्या अवस्थेत स्वतःचे छायाचित्र कोणाला काढू दिले असते का, हा प्रश्न त्या गृहस्थांना सुचला नाही, आणि मी विचारल्यावर त्यांना राग आला.

मात्र खरी भेट होते ती दाराबाहेर, आणि जास्त इजाही तिथेच होते. बाहेर चार बाके, मोबाईल लावायला एकच बोर्ड, भिंतीकडेला सतरंजीवर रात्रीची झोप. दर दोन-तीन तासांनी आतून नाव पुकारले जाते आणि हातात औषधांची चिठ्ठी पडते. ती घेऊन तळमजल्यावरच्या मेडिकलकडे धावायचे, पैसे भरायचे, पिशवी वर आणून द्यायची. सकाळच्या राउंडनंतर डॉक्टर दोन-तीन वाक्ये बोलतात. डोळे उघडतो का, बोलतो का, सांगितल्यावर हातपाय हलवतो का, यांवरून तीन ते पंधरा असा शुद्धीचा गुणांक काढण्याची पद्धत ग्लासगो इथल्या दोन डॉक्टरांनी १९७४ मध्ये मांडली आणि ती आज जगभर चालते. आठ किंवा त्याहून कमी म्हणजे इजा गंभीर. कधी काळी या गुणांकाचे नावही न ऐकलेले त्याचे वडील दोन दिवसांत ‘आज सात आहे, काल सहा होता’ अशा भाषेत बोलू लागले. त्या एका आकड्याभोवती सगळे घर फिरत असते. अशा वेळी भेटायला आलेला माणूस बाकावर टेकतो आणि विचारतो, ‘गाडी कोण चालवत होतं? प्यायलेले तर नव्हते ना?’

हा प्रश्न त्या आईवडिलांना किती वेळा ऐकावा लागला याची गणती नाही. चूक कोणाची हे पोलीस ठरवतील, पुढे न्यायाधिकरण ठरवेल; बाकावर बसलेल्या बापाकडून जबाब घेण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? त्यानंतर येतात ते सल्ला देणारे. ‘इथं कशाला ठेवलंय, पुण्याला हलवा’ हे वाक्य तर ठरलेलेच. व्हेंटिलेटरवरच्या, मेंदूची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाला चार तासांच्या रस्त्याने हलवण्यात धोका काय, तिथे खाट मिळेल का, खर्च कोण करणार, यांतले काहीही ठाऊक नसताना हे वाक्य बोलले जाते, आणि बोलणारा चहा पिऊन निघून जातो. आईबाप मात्र रात्रभर ‘आपण पोराला कमी पडतोय का’ या विचाराने तळमळत राहतात. तिसरा प्रकार साडूच्या मुलाची, मामेभावाच्या जावयाची गोष्ट सांगणाऱ्यांचा. ती व्यक्ती वाचली असली तर ‘काही होत नाही, तो तर आता ट्रक चालवतो’, आणि दगावली असली तर सांगणारा मध्येच थांबतो. दोन्ही गोष्टींचा या रुग्णाशी काडीचा संबंध नसतो, कारण मेंदूच्या दोन इजा सारख्या नसतात.

या सगळ्या गर्दीत मला पटलेली भेट एका टेम्पोचालकाची होती. अपघातानंतर माझ्या मित्राला उचलून पहिल्या दवाखान्यापर्यंत त्यानेच नेले होते आणि नाव न सांगता तो निघून गेला होता. तसे करण्याची त्याला मुभा आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नसते. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यावर नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही. याविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांना ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बंधनकारक केले आणि २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४अ कायद्यात आले. पुढे मार्केट यार्डात हळद उतरवायला आला असताना हा माणूस विचारत विचारत रुग्णालयात पोहोचला. आत जाण्याचा आग्रह त्याने धरला नाही. आईला म्हणाला, ‘ताई, गाडीत त्यानं पाणी मागितलं होतं. डॉक्टर नको म्हणतात म्हणून मी दिलं नाही. पण बोलत होता तो, एवढं सांगायला आलो.’ मग खिशातून त्या पोराचे घड्याळ काढून दिले आणि गेला. अपघातानंतरच्या त्या अर्ध्या तासात आपला मुलगा एकटा नव्हता, तो बोलला होता, हे तिला दुसरे कोण सांगू शकणार होते? आणि जखमीला पाणी न पाजण्याचे त्याचे भानही पक्के होते. पुढे लगेच शस्त्रक्रिया करावी लागली तर पोट रिकामे असावे लागते, आणि शुद्ध हरपत चाललेल्या माणसाच्या श्वासनलिकेत पाणी जाऊ शकते.

ज्यांना खरोखर मदत करायची आहे त्यांच्यासाठी कामे भरपूर आहेत, फक्त ती बाकावर बसून होणारी नाहीत. रक्त लागते तेव्हा दाते लागतात, आणि या बाबतीत माझ्या मित्राच्या क्रिकेटच्या टीममधल्या पोरांनी जे केले त्याला तोड नाही. रात्रीचे बसणे कोणी तरी घ्यावे लागते. कागदपत्रांचे काम तर सर्वांत मोठे आणि सर्वांत दुर्लक्षित. पोलिसांत नोंद, पंचनामा, एफआयआरची प्रत, विमा कंपनीला कळवणे, बिले क्रमाने लावणे, हे सगळे त्या अवस्थेतल्या बापाने कसे करायचे? शेजारच्या बाकावरच्या अथणीच्या कुटुंबातल्या दहावीतल्या मुलीने शाळेच्या वहीत रोजची चिठ्ठी, बिलाचा आकडा आणि डॉक्टरांचे त्या दिवशीचे वाक्य कानडीत लिहून ठेवले होते, आणि पावत्या मागच्या पानांना टाचणीने लावल्या होत्या. आमच्या सुशिक्षित मंडळींना जे सुचले नाही ते तिला सुचले होते. दुसऱ्या दिवशी मी तशीच एक वही आणून वहिनींच्या, म्हणजे माझ्या मित्राच्या आईच्या, हातात दिली.

केंद्र सरकारने ५ मे २०२५ रोजी रस्ते अपघातग्रस्तांसाठी विनारोकड उपचारांची योजना अधिसूचित केली आहे. अपघाताच्या तारखेपासून सात दिवसांपर्यंत, प्रत्येक जखमीमागे दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार तीत बसतात, आणि त्यासाठी जखमी गरीब असण्याची अट नाही. माझ्या मित्राच्या घरच्यांना ही योजना कळली तेव्हा सातपैकी बरेच दिवस निघून गेले होते. शेकडो माणसे भेटून गेली, त्यांत सरकारी नोकर होते, वकील होते, पण पहिल्या दिवशी हे सांगणारा एकही नव्हता. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत समाविष्ट असलेल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसतो. त्याला जाऊन विचारणे हे पाच मिनिटांचे काम आहे. धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवण्याचे बंधन आहे, तेही विचारल्याशिवाय फारसे कोणी सांगत नाही. मोटार अपघात न्यायाधिकरणाकडे भरपाईचा दावा करायला दुरुस्त कायद्यात सहा महिन्यांची मुदत घातली आहे, आणि ज्याचा मुलगा सहा महिने अंथरुणावर आहे त्याचे सहा महिने कसे जातात हे बाहेरच्याला कळणार नाही. नारळपाण्याऐवजी यांपैकी एक माहिती घेऊन कोणी गेले असते तर ती खरी मदत ठरली असती.

पुढे तो शुद्धीवर येऊ लागला, आणि भेटीला येणाऱ्यांची दुसरी परीक्षा सुरू झाली. मेंदूला मार लागलेला माणूस चित्रपटातल्यासारखा डोळे उघडून ‘मी कुठे आहे’ असे विचारत नाही. तो दिवसचे दिवस गोंधळलेला असतो, सकाळचे दुपारी विसरतो, चिडतो, कधी आईवरही हात उगारतो, आणि ज्या मुलाच्या तोंडून कधी वावगा शब्द आला नाही त्याच्या तोंडी शिव्या येतात. हा इजेचा भाग आहे. त्याच्या वडिलांना मात्र पाहुण्यांपुढे मान खाली घालावी लागत होती. आणि आलेला प्रत्येक जण वाकून मोठ्या आवाजात विचारणार, ‘ओळखलंस का मला? सांग बघू मी कोण?’ उत्तर आले नाही की ‘अरेरे, ओळखत नाही’ असे त्याच्यासमोरच म्हणणार. फिजिओथेरपी करणाऱ्या मुलीने आम्हाला सांगितले की परीक्षा घेऊ नका, आपले नाव आपणच सांगा: ‘मी अमका, तुझा वर्गमित्र, आज बुधवार आहे, आपण मिरजेत आहोत.’ एका वेळी एकच जण बोला, टीव्ही बंद ठेवा, तो दमला की उठून या. इतकी साधी सूचना भिंतीवर एका कागदावर मराठीत आणि कानडीत लावायला काय खर्च येतो?

घरी आणल्यावरचा काळ याहून कठीण गेला आणि त्या काळात भेटी जवळजवळ थांबल्या. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून सुरुवातीला दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, कूस बदलावी लागत होती. हवेची गादी, फिजिओथेरपी, फिट येऊ नये म्हणूनच्या गोळ्या, ज्या स्वतःच्या मनाने बंद करायच्या नसतात. हाड बसवण्याची दुसरी शस्त्रक्रिया होईपर्यंत डोक्याच्या त्या बाजूला जपणे. आईने अंगणवाडीतली नोकरी सोडली. रुग्णालयात असताना ज्या घरी रोज वीस डबे येत होते त्याच घरी चौथ्या महिन्यात दोन तास त्याच्याजवळ बसायला माणूस मिळेना, म्हणून वहिनींना बँकेत जाता आले नाही. शेवटी त्याच्या मित्रांपैकी एकाने वार वाटून दिले. मंगळवार माझा आहे. आम्ही पट मांडतो. राजा आणि काही प्यादी एवढ्यावरच अजून खेळ चालतो, अर्ध्या तासात तो दमतो, कधी कधी माझे प्यादे स्वतःचे समजून पुढे सरकवतो आणि लक्षात आले की हसतो. उंट तिरका जातो हे त्याला आठवते, पण कोणाची खेळी झाली हे आठवत नाही.

रुग्णालयांना माझी सूचना फार मोठी नाही. सरकारी रुग्णालयांत ‘समाजसेवा अधीक्षक’ हे पद जुने आहे. अपघाताचे रुग्ण घेणाऱ्या खासगी रुग्णालयांनीही असा एक माणूस नेमावा, ज्याने पहिल्याच दिवशी घरच्यांना बसवून आत काय दिसेल, हात का बांधलेले आहेत, कोणत्या योजनेत काय मिळते आणि त्यासाठी पोलिसांकडून काय आणायचे हे सांगावे. डॉक्टरांनी घरच्यांशी बोलण्याची वेळ ठरवून फळ्यावर लिहावी, म्हणजे सकाळी सातपासून एकाही माणसाला तोंड धुवायलाही न हलता दाराशी उभे राहावे लागणार नाही. भेटीची संध्याकाळची वेळ पाच ते सहा अशी न ठेवता सात ते आठ ठेवावी, कारण एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या भावाला पाच वाजता येणे शक्य नसते आणि मग तो रक्षकाशी भांडतो.

आपल्या दैनिकालाही एक विनंती आहे. गंभीर अपघाताच्या बातमीखाली, विशेषतः ऊस वाहतुकीच्या या चार-पाच महिन्यांत, विनारोकड उपचारांची योजना, तिची सात दिवसांची मर्यादा आणि ११२ व १०८ हे दोन क्रमांक चौकटीत छापावेत. आपला अंक अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकांवर रोज असतो. डब्याखाली अंथरण्याआधी तो कोणी तरी वाचतोच.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक, मिरज